कॉफीच्या पेल्यातील मराठी : हैदराबादी घरातील एका भाषाव्यवहाराचा अभ्यास

हैदराबाद म्हटले की बाहेरच्या माणसाला इराणी चहा आठवतो. तो या शहराचाच आहे. पण तो हॉटेलात बसून प्यायचा. घरातली गोष्ट निराळी. मी राहते त्या बरकतपुऱ्यात आणि शेजारच्या काचीगुडा, नारायणगुडा, नल्लाकुंटा या भागांत अशी मराठी घरे आहेत, जिथे सकाळी चहाच्या जोडीने किंवा चहाऐवजी कॉफी होते. भिंतीला भिंत लागून तेलुगू आणि कन्नड घरे. त्यांच्या स्वयंपाकघरातून कॉफी आमच्याकडे आली आणि येताना आपले शब्दही घेऊन आली. त्या शब्दांचे मराठीत काय झाले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

अभ्यासासाठी दोन वाक्ये समोर ठेवते. इथल्या मुलांच्या तोंडी ही दोन्ही तऱ्हेची वाक्ये येतात.

(अ) आजीने फिल्टरमधलं डिकॉक्शन डबऱ्यात ओतलं.
(आ) आजीने दूध बॉइल केला आणि कॉफी मिक्स केली.

पहिल्या वाक्यात तीन परकी नामे आहेत. दुसऱ्यात परके नाम एकच, तेही सर्वांच्या ओळखीचे. शिक्षकाचे लाल पेन बहुधा पहिल्या वाक्यावर थांबते. माझे म्हणणे असे, की ते दुसऱ्या वाक्यावर थांबायला हवे. का, ते क्रमाने पाहू.

१. शब्दाची वाट

कॉफीला अरबीत 'कहवा' म्हणतात. तोच शब्द तुर्कीतून युरोपीय भाषांत गेला आणि इंग्रजीतून 'कॉफी' होऊन आपल्याकडे आला. पण त्याआधीही मराठीला ही वस्तू ठाऊक होती. जुन्या मराठीत कॉफीच्या बीला 'बुंद' किंवा 'बुंददाणा' म्हणत. त्याच्या मुळाशी अरबी 'बुन्न' आहे. म्हणजे पेय इंग्रजीच्या वाटेने आले, तर बी अरबीच्या वाटेने. पुढे 'बुंददाणा' मागे पडला आणि 'कॉफी' हा एकच शब्द झाड, बी, पूड आणि पेय या चारही अर्थांनी वापरात राहिला.

कॉफीचे रोप दक्षिणेत कसे आले, याची कथा प्रसिद्ध आहे. बाबा बुडन या सूफी संताने सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणून चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. आज कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू ही कॉफीची मुख्य राज्ये आहेत. आंध्रातील अराकू खोऱ्याच्या अरेबिका कॉफीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रात मात्र कॉफीचे मळे म्हटले की अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याचेच नाव पुढे येते. मराठी मुलखात कॉफी पाहुणी राहिली आणि चहा घरचा झाला, त्याला हा भूगोलही कारण आहे.

हैदराबादच्या मराठी माणसाचा भूगोल वेगळा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. शिक्षण, नोकरी, वकिली यांसाठी तिकडची कुटुंबे राजधानीत आली. १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा सुरू झाली, त्यामागेही हाच मराठी समाज होता. नकाशा बदलला तरी ही कुटुंबे इथेच राहिली. त्यांनी पोळी-भाजी सोडली नाही, पण कॉफी घेतली.

आणि ती दोन पद्धतींनी घेतली. एक पद्धत महाराष्ट्रातली : दूध-पाणी-साखर उकळायची, पूड टाकायची, जायफळ किंवा वेलदोडा घालायचा, झाकण ठेवायचे, गाळायचे. दुसरी दक्षिणेची : दोन मजली फिल्टरमध्ये पूड, तिच्यावर आधणाचे पाणी, खाली साठणारा दाट अर्क, आणि तो गरम दुधात. आमच्या शेजारात अजून दोन्ही पद्धती नांदतात. पहिलीला 'आपली कॉफी' आणि दुसरीला 'फिल्टर' म्हणतात. 'आपली' हे विशेषण इथे किती काम करते, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे.

२. नामे कशी रुळतात

परका शब्द मराठी झाला की नाही, हे त्याच्या जन्मावरून ठरत नाही. तो मराठी वाक्यात कसा वागतो, त्यावरून ठरते. तीन उदाहरणे घेऊ.

'कॉफी' स्त्रीलिंगी झाली. हे वाटते तितके उघड नाही. मराठीत पातळ पदार्थांची ईकारान्त नामे नपुंसकलिंगी असू शकतात : पाणी, लोणी, दही. मग कॉफी त्यांच्या पंक्तीला का बसली नाही? कारण ती पंक्ती जुन्या, मोजक्या शब्दांची आहे. तिथे नव्याला जागा होत नाही. बाहेरून आलेले निर्जीव वस्तूंचे ईकारान्त शब्द मराठी सहसा स्त्रीलिंगात घालते : टॅक्सी, बॅटरी, डायरी. म्हणून 'पाण्यात' पण 'कॉफीत'. अनेकवचनात तर बोली भाषा पुढे जाऊन 'तीन कॉफ्या' म्हणते, 'पोळी-पोळ्या' याप्रमाणेच.

'डिकॉक्शन' नपुंसकलिंगी झाले : डिकॉक्शन उतरलं, दाट झालं, संपलं. स्टेशन, ऑपरेशन, इंजेक्शन हे त्याचे सोबती. काही घरांत तेलुगू वळणाने 'डिकाशन' म्हणतात, पण लिंग तेच राहते. उच्चार शेजाऱ्याचा आणि व्याकरण आपले, असा हा व्यवहार आहे.

'डबरा' सर्वांत गमतीचा. पेला ज्यात ठेवतात आणि ज्यात ओतून कॉफी निववतात, ती काठाची पसरट वाटी म्हणजे डबरा. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला मात्र डबरा म्हणजे पाणी साचलेला खड्डा. 'डबऱ्यात कॉफी देऊ का?' या प्रश्नाने तो दचकतो. पण व्याकरणाला दचकण्याचे कारण नाही. चमचा-चमच्यात, डबा-डब्यात, पेला-पेल्यात, तसे डबरा-डबऱ्यात. 'बरकतपुरा' या नावाचेही तसेच : 'बरकत' अरबी, पण 'बरकतपुऱ्यात' हे रूप अस्सल मराठी. उलट 'चहा' इतका जुना असूनही 'चह्यात' होत नाही, 'चहात' होतो. म्हणजे शब्दाचे सामान्यरूप त्याच्या वयावरून ठरत नाही. तो कोणत्या घराण्यात जाऊन बसला, त्यावरून ठरते.

ही देवघेव नवी नाही. 'कपबशी' हा सामासिक शब्द पाहा. पहिले पद इंग्रजी, पण 'कपबशी फुटली' म्हणताना लिंग दुसऱ्या पदाचे. 'पेला' फारसी 'पियाला'तून आला. १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिणाऱ्या माधवराव पटवर्धनांनीच त्याआधी फार्शी-मराठी कोश सिद्ध केला होता. शब्द कुठून आला हे जाणणे आणि तो हाकलणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३. क्रियापदांचे घर

आता कॉफी करण्याची कृती पाहू. इथे मराठीची खरी श्रीमंती दिसते.

बिया भाजतात, मग दळतात. बारीक दळली तर पूड, जाडसर ठेवली तर भरड. जायफळ किसतात किंवा सहाणेवर उगाळतात. वेलदोडा कुटतात. फिल्टरमध्ये पूड हलके दाबायची, जोरात दाबली तर पाणी उतरत नाही. पाण्याला आधण आले की ते ओतायचे. पूड भिजते, फुगते. मग अर्क झिरपतो, थेंब-थेंब ठिबकतो, खाली साठतो. तिकडे दूध तापते, साय धरते, लक्ष नसेल तर उतू जाते. पेल्यातून डबऱ्यात उंचावरून धार धरली की कॉफी फेसाळते आणि निवते. 'आपल्या' कॉफीत मात्र पूड तळाशी बसते, कॉफी निवळते, मग गाळतात.

यातल्या सहा क्रियापदांकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. पाझरणे : माठासारख्या सच्छिद्र वस्तूच्या अंगातून ओल बाहेर येणे. झिरपणे : थराथरांतून हळूहळू खाली जाणे. ठिबकणे : एकेक थेंब पडणे. निथळणे : धुतलेल्या किंवा भिजलेल्या वस्तूवरचे जास्तीचे पाणी निघून जाणे. निवळणे : गाळ खाली बसून वरचे स्वच्छ होणे. गळणे : जिथून पडू नये तिथून पडणे. फिल्टरमधून कॉफी झिरपते. फिल्टरच गळू लागला तर तो बदलावा लागतो. एवढे बारीक भेद ज्या भाषेत आहेत, तिला 'डिकॉक्शन' या एका नामाने काय धोका?

धोका दुसरीकडून येतो. 'दूध बॉइल कर, कॉफी मिक्स कर, कपात पोअर कर, मग स्ट्रेन कर.' इथे उकळणे, ढवळणे, ओतणे, गाळणे ही चार क्रियापदे एकाच वेळी गेली आणि त्यांच्या जागी एकटे 'करणे' राबू लागले. नाम बाहेरून येते तेव्हा सहसा त्याच्याबरोबर वस्तूही येते. फिल्टर आला म्हणून 'फिल्टर' आला. पण ओतण्याची क्रिया काही नवी नाही. 'पोअर करणे' येते ते 'ओतणे' घालवून येते. म्हणून नामाची भर आणि क्रियापदाची बदली, या दोन्ही गोष्टींना एकाच मापाने मोजू नये.

(आ) वाक्यातील दुसरी खूण याहून खोल आहे : 'दूध बॉइल केला'. हिंदीला आणि आपल्या दखनीला नपुंसकलिंग नाही. मुलांचा दिवस शाळेत इंग्रजी, तेलुगू आणि मैदानावर हिंदी-दखनी यांत जातो. मराठी उरते ती घरात, त्यातही बऱ्याचदा स्वयंपाकघरात. तिथेही 'दूध आला', 'पाणी आला' सुरू झाले, तर शब्द मराठी राहूनही मराठीची चौकट सैल झाली असे समजावे. हे ऐकून मुलाला हसू नये. त्याला रागावूही नये. आपण उत्तर देताना सहज 'हो, दूध आलं' म्हणावे. कान हाच लिंगाचा खरा शिक्षक आहे.

४. विचारणे आणि नाकारणे

पाहुणा आला की मराठी माणूस विचारतो, 'कॉफी घेणार का?' 'पिणार का?' असे विचारले तर जवळीक वाढते आणि अदब थोडी कमी होते. तेलुगूतही आग्रह करताना 'कॉफी तीसुकोंडि', म्हणजे 'कॉफी घ्या', म्हणतात. 'चहा-कॉफी झाली का?' या आपल्या प्रश्नाशी कन्नडचे 'कॉफी आयता?' हुबेहूब जुळते. 'आपण कॉफी घेऊ' म्हटले की पाहुणा त्यात येतो, 'आम्ही कॉफी घेऊ' म्हटले की तो बाहेर राहतो. तेलुगूत हाच भेद 'मनं' आणि 'मेमु' असा आहे, हिंदीच्या 'हम'मध्ये तो नाही. मराठी आणि दक्षिणेच्या भाषा किती काळ शेजारी राहिल्या आहेत, हे अशा जागी कळते. विश्वनाथ खैरे यांनी या नात्याचा आयुष्यभर पाठपुरावा केला. त्यांच्या सर्व व्युत्पत्ती मान्य नसल्या, तरी त्यांनी विचारलेला प्रश्न हैदराबादकराला रोज भेटतो.

आणि नकार. नको असलेल्या गोष्टीला तेलुगूत 'वद्दु', कन्नडमध्ये 'बेड', तमिळमध्ये 'वेण्डाम', मराठीत 'नको' : एकेकच शब्द. प्रमाण हिंदीला त्यासाठी 'नहीं चाहिए' असे दोन शब्द लागतात. दखनीने ही अडचण मराठीकडून शब्द घेऊन सोडवली. आज हैदराबादेत उर्दू बोलणारा माणूस कॉफी नाकारताना 'नक्को' म्हणतो, तेव्हा तो मराठी बोलत असतो. डबरा आणि डिकॉक्शन आपण घेतले, 'नको' आपण दिला. घेण्याची लाज वाटणाऱ्यांनी देण्याचा हिशोबही मांडावा.

५. वर्गासाठी उपक्रम

पहिला : विद्यार्थ्यांनी एक आठवडा घरात चहा-कॉफीच्या वेळी बोललेली वाक्ये जशीच्या तशी लिहावीत. कोण कोणाला म्हणाले, तेही नोंदवावे. वाक्ये सुधारू नयेत.

दुसरा : त्या वाक्यांतील परकी नामे आणि परकी क्रियापदे यांच्या दोन वेगळ्या याद्या कराव्यात. प्रत्येक नामाचे लिंग आणि सामान्यरूप लिहावे. प्रत्येक 'अमुक करणे'साठी घरातल्या वडीलधाऱ्यांना जुने क्रियापद विचारावे.

तिसरा : कॉफीची कृती दहा वाक्यांत लिहावी. अट एकच, 'करणे' हे क्रियापद वापरायचे नाही. फिल्टर, डिकॉक्शन, डबरा यांना पूर्ण मोकळीक.

चौथा : चवीची विशेषणे गोळा करावीत. कडू, कडवट, गोडसर, फिकी, दाट, पातळ, उग्र यांपैकी प्रत्येक शब्द वाक्यात वापरावा आणि कडू व कडवट यांतला फरक स्वतःच्या शब्दांत सांगावा.

वही तपासताना (अ) वाक्यापुढे बरोबरची खूण करावी. प्रमाण लेखनासाठी हवे तर 'फिल्टरमधले', 'ओतले' ही रूपे समासात दाखवावीत, पण 'डबऱ्या'ला हात लावू नये. (आ) वाक्यापुढे मुलाशी दोन मिनिटे बोलावे. शहरांच्या सरहद्दीवर वाढलेली मराठी दुबळी असते, हा समज आपणच मुलांच्या मनात भरवला आहे. ती दुबळी नाही, तिचे शेजार मोठे आहेत. शेजाऱ्याकडून भांडे आणावे. त्यात ओतण्याचा शब्द मात्र आपल्या घरचा असावा, आणि तो मुलांच्या कानावर पडत राहील हे पाहणे आपले काम आहे.