मोटारीतील पट्टा : देशोदेशींच्या तऱ्हा

धावती मोटार एकाएकी थांबली तरी आत बसलेला मनुष्य थांबत नाही. तो पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. जडत्वाचा हा नियम विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या तासाला शिकलेलाच आहे. त्या मनुष्यास आवरण्याचे काम आसनाचा पट्टा करतो. नियम साऱ्या पृथ्वीवर एकच, तेव्हा पट्टाही सर्वत्र सारखाच असावा, असे कोणासही वाटेल. परंतु तसे नाही, आणि त्याचे कारण यंत्रशास्त्रापेक्षा मनुष्यस्वभावात अधिक आहे.

आज रूढ असलेला पट्टा मूळचा स्वीडनचा. व्होल्व्हो कंपनीतील अभियंता नील्स बोलिन याने तो सिद्ध केला आणि १९५९ पासून तो मोटारींत बसू लागला. बोलिन पूर्वी संकटकाळी वैमानिकास विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत असे. माणसास बाहेर काढण्याची विद्या जाणणाऱ्यानेच त्यास आत धरून ठेवण्याची युक्ती शोधावी, हे गमतीचे खरे! हा पट्टा खांद्यावरून छातीवर तिरपा उतरतो व कमरेवरून आडवा जातो. त्यामुळे धक्का मऊ पोटावर न बसता फासळ्या आणि कमरेची हाडे यांवर वाटला जातो. शिवाय तो एका हाताने लावता येतो. मला हाच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. कटकटीचा पट्टा लावतो कोण? कंपनीने हा शोध इतरांसही मोकळेपणाने वापरू दिला.

पट्टा असणे निराळे आणि तो बांधणे निराळे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली तो बांधण्याची सक्ती केली. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींत पट्टे आवश्यक ठरले, परंतु बांधण्याची सक्ती नव्हती, लोक बांधीनात. तेव्हा १९७४ च्या बनावटीच्या मोटारींत अशी योजना केली की, पुढील प्रवाशांनी पट्टे लावल्यावाचून यंत्र सुरूच होऊ नये. आसनावर बाजारहाटाची पिशवी ठेवली तरी गाडी अडून बसे! लोक संतापले, आणि त्याच वर्षी तेथील काँग्रेसने ही सक्ती रद्द केली. पुढे खांद्यावरील पट्टा विजेच्या साहाय्याने आपोआप सरकत येईल, अशा गाड्या निघाल्या. कमरेचा पट्टा मात्र हातानेच लावावा लागे, आणि नेमका तोच पुष्कळांचा राहून जाई. न्यूयॉर्क राज्याने १९८४ मध्ये सक्तीचा कायदा केला. न्यू हॅम्पशायरमध्ये प्रौढांवर तशी सक्ती आजही नाही. म्हणूनच अमेरिकेत हवेच्या पिशवीची परीक्षा पट्टा न बांधलेल्या पुतळ्यावरही घेतात. युरोपातील नियम प्रवाशाने पट्टा बांधला आहे असे धरून चालतात. तेथे पट्टा सोडण्याची कळ लाल रंगाचीच असावी लागते. अपघातात घाबरलेल्या माणसास ती चटकन दिसावी, हा हेतू उघड आहे.

आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत, पुढील प्रवाशाने पट्टा न बांधल्यास इशाऱ्याचा आवाज होऊ लागला. त्यावर तोड म्हणून बाजारात धातूची एक सुटी जीभ आली. ती खाचेत खुपसली की आवाज बंद, आणि पट्टा जागच्या जागी लोंबतो. अखेर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच विक्री-संकेतस्थळांना ही वस्तू काढून टाकण्याचा आदेश दिला.