आपल्या दोन तालुक्यांचे उघडे वस्तुसंग्रहालय

वस्तुसंग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेची कपाटे, तलवारी आणि तिकिटाची खिडकी उभी राहते. पण पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेल्यास वेगळेच दिसते. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, वज्री, दिवे, दारे, भांडी जमवली आणि आपल्या दिवंगत मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले. साध्या माणसाच्या घरातली वस्तू हाही इतिहासच, हा धडा त्यांनी घालून दिला. तो मनात ठेवून बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत पाहण्यासारखे काय आहे, याचा या लेखात थोडक्यात विचार करावयाचा आहे.

बारामती

बारामती म्हटले की आज साखर कारखाने व शिक्षणसंस्था आठवतात. पण मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला कऱ्हाकाठचे हे गाव आणखी दोन कारणांनी जवळचे वाटावे. श्रीधरस्वामी नाझरेकरांनी 'शिवलीलामृत' येथे शके १६४० मध्ये पूर्ण केले. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी गावाचे नाव 'द्वादशमती' असे दिले आहे. ही पोथी आमच्याही घरी आहे. आजीला अक्षरओळख नाही. अकरावा अध्याय ती शेजारच्या काकूंकडून वाचून घेत असे. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे आता ते काम माझ्याकडे आले आहे. आपण ऐकतो ती पोथी आपल्याच तालुक्याशेजारी लिहून पुरी झाली, हे आजीला मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग तू नीट वाचत जा."

दुसरे कारण म्हणजे कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४). जन्म पन्हाळ्याचा, पण आयुष्याचा मोठा काळ बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने गेला. 'आर्याभारत' आणि 'केकावली' आपण अभ्यासक्रमातून ओळखतो. बाबूजी नाईक हे सावकार व सरदार. त्यांचे बंधू आबाजी नाईक यांना पहिल्या बाजीराव पेशव्यांची बहीण भिऊबाई दिली होती. कऱ्हेकाठचा नाईकांचा वाडा पाहताना कवी, सावकार आणि पेशवाई यांचे नाते पुस्तकापेक्षा लवकर ध्यानात येते.

संगमावरची देवळे

कऱ्हा नदी सोनगावजवळ नीरेला मिळते. तेथे सोनेश्वराचे देऊळ आहे. पुढे हीच नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. तेथील लक्ष्मी-नृसिंहाचे देऊळ पेशवाईतील विंचूरकर घराण्याने बांधविले. अनेक घराण्यांचे ते कुलदैवत असल्याने वर्षभर वर्दळ असते. नद्यांच्या संगमी देवळे का, हा प्रश्न भूगोल व इतिहास या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून सोडवावा असा आहे.

इंदापूर

शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले हे इंदापूरच्या लढाईत पडले. सनाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, परंतु स्थळाबद्दल नाही असे नाही. मालोजीराजांची गढी आणि चाँदशहावलींचा दर्गा ही दोन्ही स्थाने गावकरी सारख्याच आपुलकीने सांगतात. पुणे-सोलापूर रस्त्याने एस.टी.तून जाणाऱ्या किती प्रवाशांना हे ठाऊक असेल?

पळसदेव

आता ज्या स्थळासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळू. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयात नदीकाठची अनेक गावे गेली. त्यांत जुने पळसदेव होते. पळसनाथाचे प्राचीन देऊळ तेथेच राहिले. देवासाठी नव्या गावात नवे देऊळ झाले. जुने देऊळ एरवी पाण्यात असते. पाणी फार उतरले म्हणजे वर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते असेच उघडे पडले आणि लोकांची रीघ लागली. भिंती दगडी, त्यावर उंच शिखर, आवारात वीरगळ व सतीशिळा.

वीरगळ कसा वाचावा, हे मला आमच्या सरांनी शिकवले. तो खालून वर वाचावयाचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर लढताना किंवा पडलेला दिसतो; जवळ गाई असल्या तर तो गोधन राखताना मेला असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ही कीर्ती राहो. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्यासाठी लिहिलेला हा इतिहास आहे.

आजी लग्न होऊन आली ती नदीकाठच्या जुन्या घरात. गाव उठले तेव्हा माणसांनी दाराची चौकट, जाते, उखळ बैलगाडीत घातले. दगड मात्र तेथेच राहिले. सतीच्या दगडाला बायका हळदकुंकू वाहत, असे ती सांगते. धरणाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. आमच्या शेतातला ऊस त्याच पाण्यावर उभा आहे आणि माझी फी त्याच उसाची आहे. पण म्हणूनच, ज्याच्या मोबदल्यात हे पाणी मिळाले त्याची नोंद ठेवणे आपले काम ठरते.

नागार्जुनसागर धरणाच्या वेळी नागार्जुनकोंडा येथे आधी उत्खनन झाले, काही वास्तू उचलून उंचावर पुन्हा रचल्या आणि तेथे संग्रहालय झाले. इजिप्तमध्ये अबू सिंबेलची देवळे १९६४ ते १९६८ या काळात कापून वर नेली. तेवढी शक्ती आपल्यापाशी नाही. तरी काही गोष्टी कॉलेजला सहज जमतील.

पहिली : मे महिन्यात पाणी उतरले की इतिहास विभागाने प्रत्येक वीरगळाचे छायाचित्र, माप आणि चौकटींचे वर्णन नोंदवावे. दगड मात्र जागचा हलवू नये. तो अधिकार पुरातत्त्व खात्याचा.

दुसरी : उठलेल्या गावांतील वृद्धांकडून जुन्या गावाचा नकाशा काढून घ्यावा. वेस कोठे होती, पार कोठे, घाट कोठे. आजीने मला राखेने जमिनीवर असा नकाशा काढून दाखवला. मी तो वहीत उतरवून घेतला आहे.

तिसरी : ग्रंथालयात एक कपाट केळकरांच्या रीतीने ठेवावे. एकेका घरातून एकेक वस्तू आली तरी वर्षात ते भरेल. आमचे जाते देण्यास आजी तयार आहे. तिची अट एवढीच, की त्याखाली गावाचे नाव लिहावे.

दगड पाण्यात आणखी बरीच वर्षे टिकतील. ज्यांनी तेथे संसार केला ती माणसे मात्र सत्तरी ओलांडत आहेत. तेव्हा मित्रहो, लांबच्या सहली अवश्य काढाव्यात. परंतु एक रविवार या कामासाठी राखून ठेवावा, एवढीच विनंती.