गर्भातील बाळाचे ठोके : कोणते साधन किती सुरक्षित?

आम्ही बँकेत लिपिक, शिक्षण कलाशाखेचे. वैद्यकीय विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही, हे प्रथमच नमूद करतो. परंतु गेल्या वर्षी आमच्या पुतणीच्या बाबतीत एक प्रसंग घडला आणि या विषयाची माहिती मिळविणे आम्हाला भाग पडले. तिला आठवा महिना चालू होता. जावईबापूंनी हौसेने ठोके ऐकण्याचे लहान यंत्र घरी मागविले होते. एका रात्री बाळाची हालचाल मंदावल्यासारखी तिला वाटली. यंत्र पोटावर लावले, धडधड ऐकू आली आणि सगळे निश्चिंत झोपले. यंत्रावर आकडा होता ८८. सकाळी दवाखान्यातील सिस्टर तो आकडा ऐकताच म्हणाल्या, "अहो, हे ठोके बाळाचे नव्हेत, आईचे!" सुदैवाने बाळ सुखरूप होते. पण ती रात्र आठवली की आजही पोटात गोळा येतो.

गर्भातील बाळाचे ठोके मिनिटाला साधारणतः ११० ते १६० असतात. ते ऐकण्याची मुख्य साधने तीन आहेत.

पहिले साधन म्हणजे नरसाळ्याच्या आकाराची साधी नळी. पॅरिसचे डॉक्टर अडॉल्फ पिनार यांनी १८९५ साली ती प्रचारात आणली. हिला वीज लागत नाही, ही कोणत्याही लहरी सोडत नाही. म्हणून हिच्यापासून बाळाला काहीच अपाय नाही. मात्र पाचव्या महिन्यानंतरच हिच्यातून ठोके ऐकू येतात आणि त्यासाठी तयार कान लागतो.

दुसरे साधन डॉप्लर. आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी हे यंत्र पोटात सोडते. हलत्या हृदयावरून परतताना त्या लहरी बदलतात आणि त्या बदलाचे यंत्र आवाजात रूपांतर करते. साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून याने ठोके सापडू शकतात. यात क्ष-किरण नसतात. जाणकाराने गरजेपुरते वापरल्यास बाळाला अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. तथापि या लहरींनी शरीरातील पेशी किंचित तापतात, म्हणून गरजेपेक्षा जास्त वेळ त्यांचा मारा करू नये, असा दंडक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली हौसेखातर घरी असे यंत्र वापरू नये, असा इशारा दिला. त्याहून मोठा धोका दुसराच आहे. आईच्या रक्तवाहिनीतील प्रवाहाचाही या यंत्रातून आवाज येतो आणि अजाण कानाला तो बाळाचा वाटतो. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००९ साली अशाच एका गर्भवतीची हकीकत प्रसिद्ध झाली. हालचाल कमी झाली असता तिने घरच्या यंत्रावर विसंबून दवाखाना लांबणीवर टाकला; ती पोहोचली तेव्हा बाळ गेलेले होते.

तिसरे साधन म्हणजे पोटाला दोन पट्टे बांधून ठोके व कळा यांचा आलेख सतत कागदावर काढणारे यंत्र. डब्लिन येथे सुमारे १३ हजार स्त्रियांवर झालेला याचा मोठा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. सतत आलेख काढल्याने नवजात बाळांना झटके येण्याचे प्रमाण घटले, परंतु बालमृत्यू मात्र कमी झाले नाहीत. पुढील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात सिझेरियनचे प्रमाण वाढल्याचेही आढळले. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले की, निरोगी स्त्रीच्या प्रसूतीत ठरावीक अंतराने नळीने किंवा डॉप्लरने ठोके ऐकावेत. रक्तदाब, रक्तस्राव यांसारखी जोखीम असेल तर पट्टे लावण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. तेथे आपण हरकत घेऊ नये.

एक गैरसमजही दूर केला पाहिजे. ठोके जलद असले तर मुलगी, संथ असले तर मुलगा, असे आपल्याकडे बोलले जाते. त्यात तथ्य नाही. शिवाय गर्भलिंगनिदानाला महाराष्ट्रात १९८८ च्या कायद्याने बंदी आली आणि देशभर १९९४ च्या कायद्याने बंदी आहे.

सारांश, तिन्ही साधने जाणत्या हाती सुरक्षित आहेत. धोका साधनात कमी आणि त्यावर ठेवलेल्या आंधळ्या भरवशात जास्त आहे. आमच्या व्यवसायातले उदाहरण द्यावयाचे तर, सकाळी जुळलेली रोकड संध्याकाळी जुळेलच असे नाही. ठोके ऐकू आले म्हणजे बाळ या क्षणी जिवंत आहे, एवढेच कळते. ते ठणठणीत आहे की नाही, हे कळत नाही. त्याची पहिली खबर बाळाच्या हालचालीतून मिळते आणि ती फक्त आईलाच कळते.

म्हणून आमच्या भगिनींना कळकळीची विनंती आहे. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर यंत्र शोधू नका, सकाळची वाट पाहू नका, 'उगीच घाबरते' असे कोणी म्हटले तरी थांबू नका. डागा, मेयो, मेडिकल, जे जवळ असेल ते गाठा. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करा. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिचाही लाभ घ्या. आणि घरातील सासू, पती, दीर यांना एवढेच सांगणे की, सून रात्री दोन वाजता "बाळ हलत नाही" म्हणाली, तर तिला प्रश्न विचारू नका. आधी चपला घाला.