गळके छप्पर : दुरुस्तीचा हिशेब

पावसाळ्यात व्यापाऱ्याचे नुकसान दोन वाटांनी होते. एक, गिऱ्हाईक बाहेर पडत नाही. आणि दुसरी, पाणी आत येते. पहिल्या नुकसानीवर कोणाचा इलाज चालत नाही. दुसरी मात्र बहुतेक वेळा टाळता येते. तरीही दरवर्षी तोच खर्च, तोच गवंडी आणि तीच गळती, असा प्रकार आपण घरोघरी पाहतो. यासाठी आज छपराच्या दुरुस्तीचा हिशेब मांडत आहोत.

आम्ही कापडाचे व्यापारी, गवंडी नव्हे. पण कापडाला पाण्याची जेवढी भीती, तेवढी क्वचितच दुसऱ्या मालाला असेल. एका रात्रीच्या गळतीने अख्खा गठ्ठा डागाळतो आणि तो माल निम्म्या भावातही उठत नाही. त्यामुळे छप्पर, पत्रा आणि स्लॅब यांची माहिती घेणे आम्हाला भागच पडले.

बदलापूर पश्चिमेकडील सोनिवली आणि आसपासचा उल्हास खोऱ्याचा भाग समुद्रकाठी नसला तरी हवामान किनाऱ्याचेच आहे. चार महिने दमट हवा, पश्चिमेचा वारा आणि उभा-आडवा पाऊस. त्यातच अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांचा शेजार. लोखंडाला हे काहीच मानवत नाही. येथे कौलारू घर, पत्र्याची चाळ आणि स्लॅबची इमारत अशी तीनही प्रकारची छपरे आहेत. तिघांचा रोग वेगळा आणि औषधही वेगळे.

पाणी किती असते?

आधी अंदाज घेऊ. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. सांताक्रूझ वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांची सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास आहे. २६ जुलै २००५ रोजी तेथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच पावसात उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर तेवढा पाऊस पडला तर एका दिवसात सुमारे ४४ हजार लिटर पाणी होते, म्हणजे टँकरच्या चार-पाच खेपा. एवढे पाणी अडवून ठेवणारे छप्पर नसते. छपराचे काम पाण्याला लवकर खाली लावून देणे हे होय. पाणी थांबले की ते वाट शोधते.

म्हणून दुरुस्तीचा पहिला खर्च सिमेंटवर नव्हे, तर झाडूवर करावा. पन्हळी, गच्चीवरील पाण्याची तोंडे आणि खाली येणारे नळ पाला, कबुतरांची घाण व प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेले असतात. गच्चीला निदान दोन तोंडे असावीत. एक तुंबले तरी दुसरे चालते.

गळती कोठे आहे?

डाग जेथे दिसतो तेथेच भोक असते, हा मोठा गैरसमज आहे. पत्र्यातून आलेले पाणी वाशावरून दहा फूट सरकून मग ठिबकते. स्लॅबमध्ये ते बारीक भेगांतून आडवे जाते. तेव्हा कारागिराला बोलावण्यापूर्वी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : पाऊस सुरू होताच गळते की तासाभराने? पाऊस थांबल्यावर किती वेळ गळते? वारा पश्चिमेचा असतानाच गळते काय? आणि उन्हाळ्यातही ओल असते काय?

पाऊस येताच गळले तर बहुधा फुटका पत्रा, सरकलेले कौल किंवा मोठी फट. तासाभराने सुरू होऊन पाऊस थांबल्यावरही चालू राहिले तर पाणी कोब्यात मुरले आहे. वाऱ्याच्या पावसातच गळले तर दोष छपराचा नसून बाहेरच्या भिंतीचा किंवा खिडकीच्या छज्जाचा असू शकतो. बारा महिने ओल असेल तर पावसाला दोष देऊ नये. वरच्या मजल्याचे न्हाणीघर, नळ किंवा पाण्याची टाकी तपासावी.

कौले आणि पत्रे

मंगलोरी कौल हे आपल्या हवेला मानवलेले छप्पर आहे. बाझेल मिशनने १८६५ साली मंगलोरात कारखाना काढला, तेव्हापासून ते किनाऱ्यावर सर्वत्र पसरले. त्याची मागणी एवढीच, की दरवर्षी शाकारणी करावी : फुटकी कौले बदलावीत, सरकलेली बसवावीत, आढ्यावरचा चुना-सिमेंट पाहावा आणि वासे-रिपांना वाळवी नाही याची खात्री करावी. रिपा वाकल्या असतील तर नवे कौलही गळते, कारण खोबणीत खोबण बसत नाही.

पत्र्याची गळती बहुधा पत्र्यात नसते. ती हूक-बोल्टच्या भोकात आणि जोडावर असते. चार नियम ध्यानात ठेवावेत. बोल्ट नेहमी पत्र्याच्या नळीच्या उंच भागावर मारावा, खोलगट भागात पाणी वाहते. बोल्टखाली रबरी किंवा डांबरी वायसर हवाच आणि तो उन्हाने कडक झाला की बदलावा. वरच्या पत्र्याचे टोक खालच्या पत्र्यावर निदान सहा इंच चढले पाहिजे, आणि शेजारच्या पत्र्यावर दोन नळ्या. पत्रे पूर्वेकडून घालायला सुरुवात करून पश्चिमेकडे जावे, म्हणजे जोडाची उघडी कड पावसाळी वाऱ्याकडे तोंड करीत नाही. शिंप्याला शिवण कोणत्या बाजूला पाडायची हे जसे सांगावे लागत नाही, तसे हे पत्रेवाल्याला ठाऊक असले पाहिजे.

जस्ती पत्रा घेताना केवळ जाडी विचारू नये, जस्ताचा थर किती ग्रॅमचा हेही विचारावे. भारतीय मानकात चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त, यावरून वेगवेगळे दर्जे आहेत. पत्रा वरून सारखाच चमकतो. पण दमट, खारट हवेत पातळ थर लवकर संपतो आणि गंज धरतो.

सिमेंटच्या पत्र्याबाबत एक इशारा. तो जुना होतो तसा ठिसूळ होतो, आणि त्यावर पाय देऊन माणूस खाली कोसळतो. कारागीर बांधवांनी या पत्र्यावर थेट पाय ठेवू नये. वाशांवर टेकलेली लाकडी फळी टाकावी आणि कमरेला दोर बांधावा. या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. कापायचा किंवा भोक पाडायचा झाल्यास आधी ओला करावा, आणि तुकडे अंगणात पसरून ठेवू नयेत.

स्लॅब : येथे जिवाचा प्रश्न आहे

कौल गळले तर माल भिजतो. स्लॅब वर्षानुवर्षे गळला तर माणसे दगावतात. मुरलेले पाणी लोखंडी सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो. आतून दाब येतो, काँक्रिट फुटते आणि खालचा गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. रेती खारट वापरलेली असेल तर हे काम आणखी जलद होते. २८ मे २०२१ रोजी उल्हासनगरात एका पाच मजली इमारतीचा वरचा स्लॅब खालचे मजले घेऊन कोसळला आणि सात जण मृत्युमुखी पडले. हा पावसाळ्याच्या तोंडावरचा दिवस होता, पावसाळ्यातला नव्हे. स्लॅब एका दिवसात कमजोर होत नाही.

छताचा पोपडा पडला की आपण खालून गिलावा मारून रंग देतो. हे कुजलेल्या कापडाला ठिगळ लावण्यासारखे आहे. पाणी वरून येत असताना खालून कितीही लेप दिला तरी तो रोग झाकतो, बरा करीत नाही. योग्य क्रम असा : प्रथम वरचे पाणी बंद करावे. मग खाली टेकू देऊन सुटलेले काँक्रिट ठोकून काढावे, सळई तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक लावावे, सळई फार झिजली असेल तर जोडीला नवी बांधावी, आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरून नीट पाणी मारावे. हे काम इंजिनिअरला दाखवूनच करावे.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. गच्ची गळते म्हणून जुन्या विटांच्या कोब्यावर नवा कोबा चढवला जातो. चार-साडेचार इंचांच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात असते. दोन थर झाले की गंजलेल्या स्लॅबवर कायमचा बोजा बसतो. नवा कोबा घालायचा तर जुना काढूनच घालावा. काढताना मलबा गच्चीवर ढीग करून ठेवू नये, रोजच्या रोज उतरवावा.

नव्या कोब्यात तीन गोष्टी पाहाव्यात. उतार शंभर फुटांस निदान एक फूट, आणि तो पाण्याच्या तोंडाकडेच. कठड्याच्या कडेला गोल वाटा, भिंतीवर फूटभर चढवलेला, कारण बहुतेक गळती याच कोपऱ्यातून होते. आणि काम झाल्यावर तोंडे बंद करून एक-दोन इंच पाणी भरून दोन दिवस ठेवणे. खालून ओल न आली तरच काम पुरे झाले. मात्र सळया उघड्या पडलेल्या जुन्या स्लॅबवर ही चाचणी करू नये. पाचशे चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे दोन टनांहून अधिक वजन होते.

सोसायटीत राहणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे, की आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून व बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीचा खर्च सोसायटीचा असतो. शौचालय, मोरी यांच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदस्याचा. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करावी, असेही त्यात सांगितले आहे. वरच्या मजल्यावाल्याने एकट्याने भांडत बसू नये. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

वादळ आले तर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा आणि रत्नागिरीतील मंडणगड, दापोली भागांत छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी १७ मे रोजी तौक्ते मुंबईजवळच्या समुद्रातून उत्तरेकडे गेले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. हा वारा छपराला दाबत नाही, वर उचलतो. आणि सर्वांत अधिक ओढ कडेला, कोपऱ्याला व आढ्याला असते. तेव्हा या ठिकाणी हूक दाट मारावेत आणि वासे भिंतीला लोखंडी पट्टीने बांधावेत. पत्र्यावर दगड-विटा ठेवणे हा उपाय नव्हे. वादळात तेच दगड शेजाऱ्याच्या अंगणात जातात.

वादळानंतर प्रथम मेन स्वीच बंद करावा. वारा पूर्ण थांबेपर्यंत वर चढू नये. काहीही हलवण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो काढावेत आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. ज्यांनी विमा घेतला आहे त्यांनी दुरुस्तीपूर्वी कंपनीला कळवावे. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' आणि पाच कोटींपर्यंतच्या लहान व्यवसायासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी आहेत. त्यांत वादळ-पुराचा समावेश आहे, पण हळूहळू झालेली झीज त्यात बसत नाही. म्हणजे न केलेल्या दुरुस्तीची भरपाई कोणी देत नाही.

तात्पुरती ताडपत्री टाकताना ती लांबीरुंदीवर नव्हे, वजनावर घ्यावी. कडेला दोर शिवलेला व कड्या मजबूत असाव्यात, आणि ती आढ्यापलीकडे नेऊन बांधावी. घरात माल ठेवणाऱ्यांसाठी आमच्या धंद्यातील एक गोष्ट : सुती कापडात मुळातच आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. गठ्ठा प्लास्टिकमध्ये घट्ट बांधला तर तो ओलावा आतच राहून बुरशी धरते. गठ्ठे लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून अर्धा फूट वर आणि भिंतीपासून दूर ठेवावेत. वरून कापड टाकून वारा खेळू द्यावा.

कारागीर आणि मालक

हा धंदा बदनाम झाला तो अर्धवट कामामुळे. कारागीर बांधवांनी गच्ची पाहिल्याशिवाय भाव सांगू नये. मोजमाप, मालाचे नाव, मजुरी आणि किती दिवसांचे काम, हे एका कागदावर लिहून द्यावे. मालकानेही सगळी रक्कम आधी देऊ नये आणि काम झाल्यावर अडवूही नये. दहावा हिस्सा पहिल्या पावसापर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरवले तर दोघांचाही इमान राखला जातो. जो एका मोहल्ल्यात दहा छपरे कोरडी ठेवतो, त्याला जाहिरातीची गरज पडत नाही.

शेवटी वेळेचा प्रश्न. मुंबईत पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. पण २०२५ साली तो २६ मे रोजीच आला. जूनच्या भरवशावर बसलेल्यांच्या गच्च्या तेव्हा उकरलेल्या होत्या. म्हणून ऑक्टोबरात पाऊस जाताच, डाग ताजे असतानाच तपासणी करावी. स्लॅबचे काम थंडीत करावे, म्हणजे सिमेंटला पाणी मारण्यास उसंत मिळते. पत्रे आणि कौले एप्रिलपर्यंत आटोपावीत. आणि मे महिना फक्त पन्हळी साफ करण्यासाठी ठेवावा. तेव्हा कारागीरही मिळतो, भावही रास्त असतो आणि घाईत काम बिघडत नाही.