आधी भिंत बघ, मग कुकर

चि. निखिल,

कॉव्हेंट्रीच्या घराच्या किल्ल्या मिळाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. तुझा निरोपही वाचला: ऑफिसातला एक जण कुकर विकतोय, वर चार बर्नर, मध्ये ग्रिल, खाली ओव्हन, किंमत ८० पौंड, शनिवारी उचलू का?

शनिवारी उचलू नकोस. वापरलेली वस्तू घेण्यात काही कमीपणा नाही. या देशात आपल्यापैकी कितीतरी जणांचे संसार दुसऱ्याच्या फ्रिजवर आणि कुकरवरच उभे राहिले. पण कुकर पसंत करायच्या आधी तो जिथे उभा राहायचा, ती भिंत बघावी लागते. तुझ्या घराला काय चालेल ते भिंतीतली तार आणि पाइप ठरवतात.

जुना कुकर काढून नेलेल्या जागेत टॉर्च घेऊन वाक. खाली गॅसचा पाइप येऊन त्याला पितळी बायोनेट, म्हणजे नळी अडकवायचा सॉकेट, आहे का? की कुकरची जाड तार जोडायची पांढरी पेटी आहे, आणि वर भिंतीवर मोठं लाल बटण? की फक्त साधा तीन पिनांचा सॉकेट आहे? साध्या सॉकेटवर विजेचा पूर्ण कुकर चालत नाही, हे पक्कं लक्षात ठेव. इथला प्लग १३ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ३ किलोवॉट. चार प्लेटा आणि ओव्हन मिळून भार त्याच्या कितीतरी पुढे जातो. अशा कुकरला फ्यूजबॉक्सपासून स्वतंत्र लाइन लागते. बहुधा ती ३२ अँपिअरची असते आणि तार ६ चौरस मिलिमीटरची. ती नसेल तर नवी ओढायचा खर्च कुकरच्या किमतीला सहज मागे टाकेल, शिवाय इंग्लंडात नवीन सर्किट म्हटलं की बिल्डिंग रेग्युलेशन्सचा दाखला आलाच. काम नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलंस तर दाखल्याचं तोच बघतो. लाल बटण हॉबच्या, म्हणजे वरच्या शेगडीच्या, बरोबर डोक्यावर असेल तर तेही त्याला दाखव. कढईतलं तेल पेटलं तर ज्वाळेवरून हात नेऊन बटण बंद करायची वेळ कुणावरच येऊ नये.

गॅसबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तिथे आपली सवय आड येते. पुण्यात सिलिंडर संपला की रेग्युलेटर आपणच काढतो, आपणच बसवतो. इथे त्या सवयीनं पाना हातात घ्यायचा नाही. नवा कुकर जोडायला गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेलाच माणूस बोलाव. २००९ पासून हीच नोंदणी चालते, त्याआधी कॉर्गी होती, म्हणून वयस्कर शेजारी अजून ‘कॉर्गीवाला’ म्हणतील. तो आला की कार्ड माग आणि उलटून मागची बाजू वाच. कुणाला कोणत्या उपकरणाचं काम करायची परवानगी आहे ते मागे लिहिलेलं असतं. बॉयलरवाल्याला कुकरची परवानगी असेलच असं नाही. कार्ड मागितल्याचा चांगल्या कारागिराला राग येत नाही.

गॅसची नळी नवीच घे, विकणाऱ्याची जुनी जोडू नकोस. ती मागे मोकळी लोंबली पाहिजे, कुठे पिळलेली नको आणि ओव्हनच्या गरम पाठीला टेकलेली तर अजिबात नको. कुकर पुढे कलंडू नये म्हणून साखळी किंवा ब्रॅकेट लागतो. विकणारे तो हमखास जुन्या भिंतीवरच विसरतात. उघड्या ओव्हनच्या दारावर उद्या एखादं पोर चढलं, तर सगळा भार त्या ब्रॅकेटवरच असतो.

आता कुकर बघायला जा, पण तो जोडलेला असतानाच. गॅसचा असेल तर प्रत्येक बर्नर पेटवून ज्योत निळी आणि स्थिर आहे का बघ. पिवळी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे ज्वलन अपुरं, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, म्हणून गॅस घेणार असशील तर अलार्म त्याच आठवड्यात लाव, खोक्यावर ‘बीएस ईएन ५०२९१’ लिहिलेलं बघून. ओव्हनच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लाव. पट्टी सहज सरकून बाहेर आली तर रबर गेलंय. खालच्या कप्प्यात किंवा दाराच्या कडेला माहितीची पट्टी असते, तिचा फोटो घे. मॉडेल नंबरावरून तो कुकर कंपनीनं कधी परत मागवला होता का ते शोध. कारण ग्रिलचं दार लावून वापरल्यामुळे विषारी वायू साचल्याची प्रकरणं या देशात घडली आहेत, हे विसरू नकोस. माहितीच्या पट्टीवर जी२० असेल तर तो तुझ्या नळाच्या गॅसचा. जी३० किंवा जी३१ असेल तर सिलिंडरच्या गॅसचा, त्याचे जेट बारीक असतात. ते बदलल्याशिवाय तो तुझ्याकडे नीट जळणार नाही. आणि पट्टीच नसेल, तर फुकट मिळाला तरी घेऊ नकोस.

मोजमाप कंटाळा न करता कर. हे कुकर ५०, ५५ किंवा ६० सेंटिमीटर रुंद असतात. पण जुन्या टेरेस्ड घरांच्या भिंती सरळ नसतात, म्हणून कपाटांमधली फट वर, मध्ये, खाली, आणि पुढे-मागेही मोज. सर्वात कमी आकडा तोच खरा. बाजूला किती जागा सोडायची ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ओटा साधारण ९० सेंटिमीटरवर असतो आणि कुकरचे पाय फिरवून उंची जुळवता येते. शिवाय पुढचं दार, अरुंद पॅसेज आणि त्यातलं वळणही मोज. आणताना जाळ्या नि ट्रे वेगळे काढ, दारं चिकटपट्टीनं बांध, दोघं मिळून उभाच आण, आणि विनाइलवर ओढण्याआधी खाली हार्डबोर्ड टाक.

माझा कौल विचारशील तर, बायोनेट आणि कुकरची लाइन दोन्ही असतील तर वर गॅस, खाली विजेचा ओव्हन असा ड्युअल फ्युएल शोध. फुलका ज्योतीवरच फुगतो आणि पंख्याच्या विजेच्या ओव्हनमध्ये नानकटाई सगळीकडे सारखी भाजते. फक्त वीजच असेल तरी हरकत नाही. काचेच्या हॉबवर आजीचा खोलगट तवा तेवढा चालणार नाही, सपाट बुडाचा जाड तवा घ्यावा लागेल. तो मी पाठवते, विकत घेऊ नकोस.

बसवून झाल्यावर स्पिरिट लेव्हल हॉबवर आडवी-उभी ठेवून बघ, नाहीतर तेल कढईत एका बाजूला जमेल. मग खिडकी उघडून ओव्हन रिकामाच अर्धा तास पूर्ण तापव, जुनी चरबी जळून जाऊ दे. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आण. जुन्या कुकरची चकती १८० म्हणते तेव्हा आत किती असतं, हे त्यावरून कळेल, आणि ऋजुताला केक करताना अंदाज बांधता येईल. तिला माझे आशीर्वाद सांग.

तुझी,
मावशी