दशावतारातील राणी आणि कपाळाचे हाड

सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू झाला की गावोगावच्या देवळांपुढे रात्रभर दशावतार रंगतो. या लोकनाट्यात स्त्रियांच्या भूमिका परंपरेने पुरुषच करतात. संध्याकाळी दाढी घोटीत बसलेला गृहस्थ मध्यरात्री राणी होऊन उभा राहतो आणि तिच्या दुःखाने समोरच्या आजीबाई डोळे पुसतात. चेहऱ्याची हाडे तर तीच आहेत. मग आपल्या डोळ्यांना वेगळे काय दिसले?

प्रथम हाडांचा विचार करू. लहान मुलामुलींचे केस व कपडे झाकले, तर नुसत्या चेहऱ्यावरून मुलगा की मुलगी हे सांगणे अवघड जाते. पौगंडावस्थेत मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते. जबडा मोठा होतो, हनुवटी रुंदावते आणि भुवयांमागील हाडाचा कंगोरा पुढे येतो. स्त्रियांचे कपाळ सरासरीने अधिक उभे व गुळगुळीत राहते. हे फरक थोड्या मिलिमीटरांचेच असतात. एवढासा फरक दुरून कसा जाणवतो?

येथे भौतिकशास्त्र मदतीला येते. आपल्या कौलारू घराचे छप्पर भिंतीच्या पुढे आलेले असते. सूर्य जितका वर, तितकी छपराची सावली भिंतीवर खालपर्यंत उतरते. छप्पर जितके पुढे आले असेल, त्याला प्रकाशाच्या उन्नत कोनाच्या ‘टॅन’ने गुणले की सावलीची लांबी मिळते. भुवयांचा कंगोरा म्हणजे डोळ्यांवरचे छप्परच! समजा, तो ५ मिलिमीटर पुढे आहे. प्रकाश ३० अंशांवरून आला तर सावली सुमारे ३ मिलिमीटर पडेल. ६० अंशांवरून आला तर सुमारे ९ मिलिमीटर. म्हणजे वरून येणारा प्रकाश हाडाचा लहानसा उंचवटा मोठा करून दाखवतो आणि डोळे खोल गेल्यासारखे वाटतात. दिवा चेहऱ्याच्या उंचीवर अगदी समोर धरला तर कोन शून्य, ‘टॅन’ शून्य आणि सावलीही शून्य. हाड जागच्या जागी असते. त्याची खूण मात्र नाहीशी होते.

पण केवळ आकार पुरेसा नाही. १९९३ साली ब्रिटनमध्ये व्हिकी ब्रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केस झाकलेल्या, दाढीमिशा व रंगरंगोटी नसलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे लोकांना दाखविली. बहुतेक सर्व चेहरे लोकांनी बरोबर ओळखले. मात्र त्वचेचा रंग व भुवया वगळून लेसरने मोजलेला नुसता आकार दाखविताच चुका वाढल्या. २००९ साली रिचर्ड रसेल यांनी दाखवून दिले की, डोळे व ओठ भोवतालच्या त्वचेपेक्षा जितके गडद, तितका चेहरा स्त्रीचा वाटतो. एकाच संदिग्ध चेहऱ्यातील हा फरक वाढविला की तो स्त्रीचा भासतो. कमी केला की पुरुषाचा.

आता राणीचा चेहरा पुन्हा आठवा. उजळ रंगाचा थर, काजळाने गडद केलेले डोळे, लाल ओठ. भुवई बारीक आणि थोडी वर रेखलेली, त्यामुळे भुवई व डोळा यांतील अंतर वाढते. पुरुषांत ते सरासरीने कमी असते. केसांचा टोप आणि दागिने यांनी जबड्याची कड झाकते. रंगभूमीवरील कलावंतांनी हे सारे प्रयोगशाळेशिवाय, अनुभवाने ओळखले होते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. वर आलेला ‘सरासरी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. उंचीप्रमाणेच चेहऱ्याच्या मापांतही स्त्री-पुरुषांच्या मर्यादा एकमेकींत मिसळलेल्या असतात. न्यायवैद्यक तज्ज्ञसुद्धा सांगाडा मिळाल्यास शक्यतो कमरेच्या हाडांचा आधार घेतात. एकट्या कवटीवर विसंबत नाहीत. मग वर्गातील एखाद्याला त्याच्या चेहऱ्यावरून ‘बायकी’ किंवा एखादीला ‘पुरुषी’ म्हणून चिडविणे किती अशास्त्रीय! आणि पौगंडावस्था सर्वांची एकाच वर्षी सुरू होत नाही, हेही विसरू नका.

करून पाहा : ओल्या मातीचे दोन सारखे चेहरे बनवा. एकाच्या भुवयांवर मातीची बारीक वळी चिकटवा. अंधाऱ्या खोलीत विजेरी प्रथम वरून, मग समोरून व शेवटी खालून धरा. प्रत्येक वेळी सावलीची लांबी मोजा आणि कोणत्या प्रकाशात दोन चेहऱ्यांतील फरक सर्वांत कमी दिसतो ते वहीत नोंदवा.