वाय-फाय वारंवार तुटते तेव्हा : दोष शोधण्याची रीत



कुही तालुक्यातल्या आमच्या अभ्यासिकेत लॅपटॉप सर्वांत जास्त कशासाठी उघडला जातो, तर अर्जांसाठी. जातीचा दाखला ‘आपले सरकार’वर आणि शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. गोंड आणि माना कुटुंबांतली मुले शिकायला उमरेडला किंवा नागपूरला जातात, त्यांची फी या अर्जावर अवलंबून असते. दाखला चढवत असताना वाय-फाय तुटले की पुन्हा लॉगिन आणि पुन्हा ओटीपी. सोबत आलेल्या आईची मिरचीच्या सातऱ्यावरची त्या दिवसाची मजुरी बुडालेलीच असते. शेवटच्या तारखेला असे झाले तर वर्षभराची शिष्यवृत्ती अडकते. म्हणून हा पाठ आमच्या प्रत्येक स्वयंसेवकाला येतो. तुमच्या घरी आणि मंडळीच्या कार्यालयातही तो उपयोगी पडेल.

१. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

“नेट गेले” या एका वाक्यात दोन वेगळे दोष लपलेले असतात. गावच्या टाकीत पाणी नसणे आणि आपल्या घरची तोटी नादुरुस्त असणे, दोन्ही वेळा बादली कोरडीच राहते, पण दुरुस्ती वेगळी. लॅपटॉप ते राउटर हा बिनतारी टप्पा म्हणजे वाय-फाय. राउटरपासून पुढे तार किंवा मोबाइलच्या टॉवरने जाणारा टप्पा म्हणजे इंटरनेट. २०११ साली केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. ती तार दुसऱ्या टप्प्यातली. रस्त्याच्या खोदकामात ती तुटली तर लॅपटॉपवर वाय-फायच्या सगळ्या रेघा दिसतील आणि तरीही एकही पान उघडणार नाही.

२. दोष कोणत्या टप्प्यात आहे?

पहिली तपासणी सोपी आहे. त्याच जागी बसून त्याच वाय-फायवर फोन जोडा आणि फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवा. दोन्ही अडले तर राउटरकडे किंवा बाहेर पाहा. फोन चालतो आणि लॅपटॉपच अडतो, तर लॅपटॉपकडे वळा.

दुसरी तपासणी विंडोजमधल्या कमांड प्रॉम्प्टची. तिथे इंग्रजी अक्षरांत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केले की ‘डिफॉल्ट गेटवे’पुढे एक क्रमांक दिसतो. तो राउटरचा पत्ता. मग ‘पिंग’, एक जागा सोडून तो पत्ता आणि पुढे ‘-टी’ द्या. उत्तरे सारखी येत राहतील. ती काही मिलिसेकंदांत आणि न चुकता येत असतील तर बिनतारी टप्पा ठीक आहे. मधूनमधून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल तर दोष वाय-फायमध्येच असण्याची शक्यता जास्त. राउटर ठीक उत्तर देतो, पण ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याकडून उत्तर येत नाही, तर अडचण बहुधा पुढच्या तारेत आहे. थांबवायला कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबा.

फायबरच्या पेटीवर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला असेल तर लॅपटॉपशी झगडू नका. तारेतून प्रकाशच पोहोचत नाही. थेट तक्रार नोंदवा.

३. दोष वाय-फायमध्ये असेल तर

राउटर कुठे ठेवला आहे ते पाहा. लोखंडी कपाटामागे, पत्र्याच्या आड किंवा जाड मातीच्या भिंतीपलीकडे लहरी दुबळ्या होतात. राउटर उंचावर, मोकळ्या जागी ठेवा.

राउटर दोन पट्टे देत असेल तर निवड करा. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आहे, पण भिंतीपुढे लवकर थकतो. २.४ गिगाहर्ट्झचा लांब पोहोचतो, पण ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी त्याच पट्ट्यात गडबड करतात. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लॅपटॉपला खेटून असली तरी त्रास होतो. ती काढून पाहा. शेजारी अनेक राउटर असतील तर २.४ मध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनल घ्या. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

४. दोष लॅपटॉपमध्ये असेल तर

चार्जर काढल्यावरच वाय-फाय तुटत असेल तर वीज वाचवण्याच्या सोयीवर संशय घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ असे पान दिसले, तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. त्यानंतर वाय-फायचे नाव ‘फरगेट’ करून पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. मग ड्रायव्हर अद्ययावत करा. ‘नेटवर्क रीसेट’ सर्वांत शेवटी, कारण त्यात साठवलेले पासवर्ड पुसले जातात.

जुन्या लॅपटॉपची तारीख एकदा जरूर पाहा. आतली छोटी बॅटरी संपली की घड्याळ मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडायला नकार देतात. नेट चालू असते, पण वाटते की तेच बंद आहे.

५. एका वेळी एकच बदल

हा नियम आम्ही भिंतीवर लिहून ठेवला आहे. एक बदल करायचा, दहा मिनिटे पाहायचे, वहीत वेळ आणि परिणाम लिहायचा. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने गुण आला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वहीत दुपारी चारलाच तुटते असे दिसले तर त्या वेळी गावात काय होते ते विचारा : वीज जाते, की शाळा सुटून सगळे फोन जोडले जातात?

अर्जाच्या दिवशी मात्र शोध घेत बसू नका. कागदपत्रे आदल्या दिवशीच ठरलेल्या आकारात तयार ठेवा आणि राउटरला लॅन केबलने लॅपटॉप जोडा. केबल स्वस्त आहे आणि तिला भिंत आडवी येत नाही. केबलनेही जमले नाही तर फोनचा हॉटस्पॉट वापरा. मुलीचा अर्ज आधी जाऊ द्या, दोष उद्या शोधता येईल.

गटात करून पाहा

१. एका लॅपटॉपवर राउटरचा पत्ता शोधा आणि जवळून व दोन खोल्या पलीकडून पिंग करा. किती उत्तरे चुकली?
२. फोन चालतो, लॅपटॉप अडतो. पहिली तपासणी कोणती कराल?
३. तुम्ही जुना लॅपटॉप कुणाला देणार असाल तर त्याची तारीख, वाय-फाय आणि केबलचे तोंड तपासून, चार्जरसह द्या. घेणाऱ्याचा पहिला दिवस दुरुस्तीत जाऊ नये.